रजेच्या काळातला पत्ता

माझी आई गेल्या जुलैत पंचाहत्तर वर्षांची झाली, पण सरकारदरबारी ती सत्तरच वर्षांची होती. मधली पाच वर्षं कुणी खाल्ली असं विचाराल, तर मी.

आधारचं पहिलं शिबिर लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. रांग दाराबाहेर गेलेली, ऑपरेटर घामाघूम. त्यानं आईला जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, "लिवा तुमच्या मनानं." आता एका सरकारी कार्यालयात आस्थापना सांभाळणाऱ्या माणसाच्या आईची जन्मतारीख ऑपरेटरच्या मनानं लिहिली जावी, हे मला शोभेना. मी पुढं झालो आणि खड्या आवाजात म्हणालो, "एक जानेवारी एकोणीसशे पंचावन्न." ही तारीख मला कुठून सुचली ते आजही सांगता येत नाही. पण ठामपणे सांगितलेली गोष्ट सरकारी कागदावर लगेच उतरते, हा माझा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे.

ही चूक बारा-तेरा वर्षं कुणाच्या नजरेला आली नाही. मग आमच्या खालच्या मजल्यावरचे शेषराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एकदा जिन्यात आईला भेटले आणि त्यांनी तिला सांगितलं की पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही, नुसतं आधार कार्ड दाखवायचं. शेषराव बुलडाण्यातल्या कुणालाही, त्यानं विचारलेलं नसताना, माहिती देतात. आई तशीच वर आली आणि म्हणाली, "भागवत, माह्यं वय नीट करून दे."

माझी बायको अनुपमा म्हणाली, "आई, तुम्हाला आताही अर्धंच तिकीट पडतं की."

"पैशाचं नाई वो बाई," आई म्हणाली. "तिकीट काढलं का कंडक्टर इचारते, कुठं जायाचं. तेच तं मले माहीत नसते."

आईचं हे बोलणं समजायला तिच्यासोबत लहानपण काढावं लागतं. आम्ही मलकापूरला राहायचो. बाबा जिनिंगमध्ये कारकून होते. भोंगा वाजला की जायचे, भोंगा वाजला की यायचे, आणि मधल्या वेळेत कपाशीच्या गाठी मोजायचे. आईला भोंगा नव्हता. शाळेला सुट्टी लागली की ती एखाद्या सकाळी उठून भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधायची, माझ्या डोक्यावर तेल थापायची, किल्ली शेजारी द्यायची आणि आम्ही स्टँडवर जायचो. कुठं जायचं ते ठरलेलं नसे. तिचा नियम एकच होता. ज्या गाडीत खिडकी मोकळी, ते आपलं गाव. कंडक्टरनं विचारलं, कुठं, की ती म्हणायची, "शेवटपर्यंत द्या." कंडक्टर तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी तेव्हापासून लोकांच्या नजरा चुकवायला शिकलो.

शेवटच्या थांब्यावर उतरलं की आई पहिल्या ओट्यावर बसलेल्या बाईला विचारायची, "बाई, तुमचं माहेर कोनतं?" तिथून नातं काढायला सुरुवात व्हायची. बहुतेक गावांत तिसऱ्या प्रश्नाला नातं सापडायचं आणि चौथ्याला चहा यायचा. एका गावात मात्र सहा प्रश्न होऊनही काही जुळेना. सातव्याला कळलं की त्या बाईच्या दिराची म्हैस आईच्या माहेराहून, धामणगाव बढ्याहून, विकत आणलेली आहे. बाई म्हणाली, "मंग तं तुम्ही घरच्याच." त्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो आणि निघताना आईनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

एकदा, मी आठ वर्षांचा असेन, आम्ही अशाच एका गावी उतरलो तर तिथं लग्न चाललेलं. नवरीला सख्खा भाऊ नव्हता, चुलत भाऊ होता तो रुसून गेलेला, आणि कानपिळीसाठी सगळं खोळंबलं होतं. आमच्याकडे नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, त्याशिवाय कार्य पुढं सरकत नाही. आईनं मला पाठीवर हात ठेवून पुढं लोटलं आणि म्हणाली, "हा घ्या भाऊ." मी इतका घाबरलो होतो की कान पकडला तो सोडलाच नाही. शेवटी दोघांनी मला ओढून बाजूला केलं. मला एक नवा शर्ट मिळाला, नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि परत येताना आईला त्या गावाचं नावही आठवत नव्हतं.

अशा बाईचा मुलगा आस्थापना शाखेत कसा गेला, असं लोक विचारतात. माझ्या मते दुसरीकडे तो जाऊच शकत नव्हता. लहानपणी ज्याला रात्री कुठं झोपायचं ते संध्याकाळपर्यंत कळत नसे, त्याला मोठेपणी प्रत्येक रकाना भरलेला लागतो. आमच्या कार्यालयात रजेच्या अर्जात एक रकाना आहे, "रजेच्या कालावधीतील पत्ता". तो रिकामा असलेला एकही अर्ज मी आजवर पुढं पाठवलेला नाही. आमचा शिपाई कचरू याची म्हैस हरवली तेव्हा त्यानं या रकान्यात "म्हशीमागं" असं लिहिलं होतं. मी तो अर्ज तीनदा परत केला. चौथ्यांदा त्यानं मुकाट्यानं घरचा पत्ता टाकला, तोपर्यंत म्हैस परत आली होती.

बाबा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, मी आईला बुलडाण्याला घेऊन आलो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हवेशीर बाल्कनी. मागच्या साली ती एकटीच कुठंतरी जायला निघाली आणि स्टँडवर पाय घसरून हात मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यानंतर मी तिचं एकटीनं फिरणं बंद केलं. बाल्कनीतून स्टँडकडे जाणारा रस्ता दिसतो. आई तिथं खुर्ची टाकून बसायची आणि कोणती गाडी आली, कोणती उशिरा आहे, ते अनुपमाला सांगायची. मला वाटायचं, बरा वेळ जातो तिचा.

तर तिनं वय नीट करून मागितलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही. तोंडावर नाही म्हणणं हे नवशिक्यांचं काम आहे. मी म्हणालो, "आई, आधारवर पंचाहत्तर पूर्ण दिसू दे, मग तू एकटी कुठंही जा. मी अडवणार नाही." पन्नास सालचा कागद आता कुठं मिळायचा, हे मला ठाऊक होतं. मी माझ्या आईची फाईल उघडली होती ती बंद करण्यासाठी. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण आहे ते आहे.

आधार केंद्रावरच्या बाईंनी शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगितला. आई धामणगावला चौथीपर्यंत शिकली होती. शेषरावांना विचारावं लागलं नाही, ते स्वतःच वर आले. फाईल चाळून त्यांनी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "भागवतराव, तुमच्या या तारखेनं तुमच्या मातोश्रीचं लगन चौदाव्या वर्षी झालं. हा बालविवाह होते."

"अहो, पण ती तारीखच चुकीची आहे."

"ते तुम्ही म्हनता. कागद काय म्हनते? तुमच्या वडिलांवर येईन हे."

"वडील वारले."

"म्हनूनच. आता ते बाजू मांडू शकत नाई." एवढं सांगून ते चहा घेऊन गेले.

दाखल्यासाठी मी रीतसर तीन पानी अर्ज केला. विषय, संदर्भ, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सगळं. मला वाटलं, शाळा हा अर्ज वाचेपर्यंत पुढची दिवाळी उजाडेल. आईला घेऊन मी गाडीनं धामणगावला गेलो. मुख्याध्यापकांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. त्यांनी आईला विचारलं, "आजी, वडिलांचं नाव?" आई म्हणाली, "कडूबा." त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि दहा मिनिटांत दाखला आईच्या हातात ठेवला. कोकिळा कडूबा, जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे पन्नास. त्या पानावरच्या निम्म्या वर्गाचा जन्म एक जुलैचाच होता, पण त्याबद्दल तिथं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

आईनं दाखला वाचला, परत वाचला. "लय चांगलं अक्षर हाय," ती म्हणाली. मी मात्र अठ्ठावीस वर्षांत एवढं वेगवान काम पाहिलं नव्हतं आणि मला मनापासून राग आला. शासनाचे कागद इतक्या सहज सापडायला लागले तर आमच्यासारख्यांनी करायचं काय?

परतताना मोताळ्याच्या पुढं मला सुचलं. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "आई, एक अडचण आहे. दाखल्यावर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. ही कोकिळा आणि ती कोकिळा एकच, याला पुरावा लागेल. तुझ्या लग्नाची पत्रिका लागेल."

ही अट केंद्रावरच्या बाईंनी घातली नव्हती. ती मी घातली. एकोणसत्तर सालची लग्नपत्रिका कोण जपून ठेवतं? आई खिडकीबाहेर कपाशी पाहत बसली होती. तिकडेच पाहत म्हणाली, "पत्रिका लागते म्हनतं?"

"लागते."

"मंग शोधा लागन," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला निराशा ऐकू यायला हवी होती, पण आली नाही. तिकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिला आठवलं की पत्रिका मलकापूरला एका जुन्या शेजारणीच्या पेटीत असू शकते. ती म्हणाली, गाडीनं नाही, एसटीनं जाऊ. "चारचाकीत बसून कोनी भेटत नाई." मी एक दिवसाची रजा टाकली, पत्त्याच्या रकान्यात शेजारणीचा घर क्रमांकासह पत्ता लिहिला आणि आम्ही स्टँडवर गेलो. मी पाण्याची बाटली घ्यायला वळलो तेवढ्यात आई दिसेनाशी झाली. हाक मारली तर एका गाडीच्या खिडकीतून हात हलला. फाईल तिच्याच मांडीवर होती. मी धावत चढलो, गाडी सुरू झाली, आणि घाम पुसून होईपर्यंत मला कळलं की आपण चिखलीच्या रस्त्याला आहोत. मलकापूर पाठीमागं राहिलं होतं.

"आई, ही गाडी देऊळगाव राजाला चाललीय."

"हाव काय?" ती म्हणाली. "खिडकी मोकळी व्हती."

कंडक्टर आला. मी कपाळावर आठ्या घालून दोन तिकिटं घेतली. शेजारच्या बाकावरचा माणूस चौकशी करू लागला आणि सबंध गाडीला कळलं की एक साहेब मलकापूरला निघाले होते आणि देऊळगाव राजाला चालले आहेत. मागून कुणी तरी सल्ला दिला की चिखलीला उतरा. दुसऱ्यानं सांगितलं, उतरू नका, आता परतीची गाडी दुपारशिवाय नाही. तिसरा म्हणाला, आलेच आहात तर बालाजीचं दर्शन घ्या. आईनं तिसऱ्याचं ऐकलं.

चिखली गेल्यावर मी तिला एक प्रश्न विचारला. तो शेषरावांनी माझ्या डोक्यात घातला होता. ते म्हणाले होते की जी बाई लेकराला घेऊन अशी गावोगाव फिरते, तिच्या मनात काही तरी खोल दुःख असलं पाहिजे. मला ते पटलं होतं. आईच्या लांबलेल्या पंचाहत्तरीला चार शब्द बोलावे लागणार म्हणून मी एक भाषणही लिहायला घेतलं होतं, त्यात "मूक वेदना" हा शब्द दोनदा होता. मी आवाज खाली आणून विचारलं, "आई, तेव्हा तू मला घेऊन अशी का निघायचीस? घरी काही त्रास होता का?"

"त्रास कायचा?"

"म्हणजे बाबांचा वगैरे."

"तुह्या बाबाचा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "त्या मानसानं जल्मात मुंगीले त्रास देल्ला नाई. मले कंटाळा येत व्हता, बे. घरात बसून कंटाळा येत नाई का मानसाले?"

मी भाषणातली दोन पानं मनातल्या मनात फाडली.

देऊळगाव राजाला उतरलो तेव्हा भुकेची वेळ झाली होती. मी परतीच्या गाडीची वेळ विचारायला गेलो. आई बालाजीच्या देवळाकडे चालू लागली. मी मागून पोचलो तोवर ती एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि गल्ल्यावरच्या बाईला विचारत होती, "बाई, तुमचं माहेर कोनतं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आठ वर्षांच्या वयात जे होत होतं तेच. मी फाईल छातीशी धरून रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचू लागलो. बाई साठीच्या पुढची, कपाळावर मोठं कुंकू. तिनं माहेर सांगितलं. आईनं दुसरा प्रश्न विचारला. बाईचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती आईकडे टक लावून पाहत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्यासंगं एक पोरगं व्हतं का? काळ्या चड्डीतलं?"

"हे काय," आईनं माझ्याकडे बोट केलं.

बावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला, चौऱ्याऐंशी किलो वजनाचा मी वळलो. बाई दुकानाच्या आत तोंड करून म्हणाली, "अहो, बाहेर या. कान सांभाळून या."

आतून एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. भाऊराव त्यांचं नाव. त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग सावकाश उजवा हात उचलून आपला कान झाकला. "अजून थंडीत दुखते," ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाई, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची ती नवरी, आम्हाला दुकानामागच्या घरात घेऊन गेली. पाट मांडले, भाकरी थापल्या, झुणका केला. मग ती देवघरातून काही तरी मुठीत घेऊन आली. ती राखी होती, यंदाचीच, नोव्हेंबरपर्यंत तशीच ठेवलेली. "तुमचं नाव माहीत नव्हतं भौ, गाव माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पन सासरी सगळ्यायले सांगतलं व्हतं, मले भाऊ हाय. दर साली एक राखी देवाजवळ ठेवत आली. पत्ता असता तं पाठवली असती."

मी हात पुढं केला. तिनं राखी बांधली. मी गहिवरलो, हे सरळ सांगून टाकतो. चव्वेचाळीस वर्षं एका बाईनं माझा रकाना रिकामा ठेवून माझी नोंद चालू ठेवली होती आणि मला मात्र फक्त तो शर्ट आठवत होता. त्याला मळकट पिवळी बटणं होती.

जेवताना भाऊरावांनी फाईलबद्दल विचारलं. मी जरा सावरून बसलो आणि सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. आधार, दाखला, नावातला फरक, आणि त्यासाठी लागणारी एकोणसत्तर सालची लग्नपत्रिका.

"पत्रिका?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं. "आमच्या सासूबाईचं वय तं नुसत्या दाखल्यावर झालं. पत्रिका कोनी मागतली?"

"यानं," आई भाकरी मोडत म्हणाली.

मी घास गिळला.

"म्या केंद्रावरच्या बाईले इचारलं ना," आई शांतपणे म्हणाली. "धामनगावाहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू हापिसात गेल्यावर अनुपमासंगं गेली व्हती. ते म्हने, दाखला पुरे, आजी. नावासाठी काय लागन ते आमी पाहून घेऊ."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"काऊन सांगू? तू पत्रिका पायजे म्हनला. मले वाटलं, चला, तेवढंच फिरनं व्हईन." तिनं माझ्या ताटात झुणका वाढला. "अन् तुले बी जरा बाहेर काढा लागत व्हतं. तुह्या बापावानी व्हऊन राह्यला तू."

भाऊराव हसू दाबून पाणी प्यायले. नव्यानं सापडलेल्या बहिणीसमोर, कान पिळलेल्या मेहुण्यासमोर, मनगटावर राखी असताना माणसानं खोटं ठरावं, याहून मोठी नामुष्की माझ्या सेवापुस्तकात नाही. आणि अनुपमालाही हे आठवडाभर माहीत होतं. रोज डबा भरताना ती मला विचारायची, "पत्रिकेचं काय झालं हो?"

परतीच्या गाडीत आईनं मला खिडकी दिली नाही. उन्हं उतरली होती आणि ती बाहेर पाहत होती. मी म्हणालो, "आई, चुकलो मी."  चिखली दिसू लागल्यावर ती म्हणाली, "तुह्या बाबाले म्या दरवेळी म्हनत व्हती, चला. ते म्हनत, रिटायर झाल्यावर. रिटायर झाले अन् गुडघे गेले. मंग मी एकटीच येऊन त्यायले सांगत व्हती, आज काय पाह्यलं. ते आयकत. पन आयकनं अन् पाहनं येक नाई ना."

माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत, आणि गुडघे आताच कुरकुर करतात. हे मी तिला सांगितलं नाही. मोडलेला हात तिनं खिडकीच्या दांडीवर ठेवला होता. तो थोडा वाकडाच जुळला आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः आईला घेऊन केंद्रावर गेलो आणि दाखला दिला. काही आठवड्यांत नवं आधार आलं. शेषरावांनी ते उजेडात धरून तपासलं आणि माझे वडील आता सुटले असं जाहीर केलं. आईनं कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि सोमवारी सकाळी भाकरी बांधायला घेतली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. अडवणार नाही असा शब्द दिला होता, तो मोडायचा नव्हता. पण आई घसरली होती ती स्टँडची फरशी डोळ्यांसमोर येत होती, आणि खरं सांगायचं तर फक्त फरशीच नाही, मोकळी खिडकीही येत होती. मी म्हणालो, "आई, मी पण येऊ का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे मी नेमकं असंच पाहतो.

"रजा हाय?"

"टाकतो."

"टाक. अन् खिडकी मले."

मी घाईघाईत अर्ज लिहिला, वाटेत कार्यालयाच्या फाटकाशी कचरूच्या हाती दिला आणि आम्ही पुढं निघालो. स्टँडवर आईनं गाड्यांच्या पाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खिडक्या पाहत गेली आणि एका गाडीत चढली. मीही पाटी वाचली नाही, कारण ती फाईल आता कुणाच्याच मांडीवर नव्हती आणि मला कशाचीच घाई नव्हती. कंडक्टर आला. आईनं पदराची गाठ सोडून कार्ड दाखवलं. तो म्हणाला, "आजी, तिकीट तरी बी फाडा लागते, शून्याचं. कुठं जायाचं?"

पंचाहत्तर वर्षं, एक दाखला, दोन प्रवास आणि माझी अब्रू, एवढं सगळं होऊन तोच प्रश्न पुन्हा समोर आला होता. मी आईकडे पाहिलं. ती मुळीच खट्टू झाली नाही.

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी नजर चुकवली नाही. "मलाही तेच," मी म्हणालो.

गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली आणि माझा फोन वाजला. कचरू होता. "साहेब, तुमचा अर्ज मोठ्या साहेबांनी वापस केला. पत्त्याचा रकाना खाली राह्यला म्हनते. काय टाकू?"

मी फोन बाजूला धरून विचारलं, "आई, आपण कुठं चाललोय?"

"मले काय माहीत," ती बाहेर पाहत म्हणाली. "आल्यावर दिसन."

मी फोन कानाला लावला. "लिही," मी म्हणालो, "आईसोबत."

पलीकडून कागदाची सळसळ ऐकू आली. लिहीत असावा असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "साहेब, मी म्हशीमागं लिवलं व्हतं तं तुमी तीनदा वापस केलं."